सव्वीस इंच एक सूत

ह्यूस्टनला माझ्या खालेच्या घरी भाईजानच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. खाला त्याला ‘ती पेटी’ म्हणते. त्या खोलीत ती नमाज पढत नाही. का, असे विचारले तर म्हणते, "तिथं मन लागत नाही." मे २०२४ च्या सुट्टीत मी अम्मीला घेऊन तिच्याकडे महिनाभर राहिले. खालेची तब्येत बरी नव्हती आणि दोघी बहिणींची गाठ पडून नऊ वर्षे झाली होती. त्या महिन्यात त्या पेटीत काय आहे ते मला कळले.

आत एक रायफल होती. भाईजान म्हणजे माझा मोठा खालाजाद भाऊ. लहानपणी पडवीत कोंबडी कापायला घेतली की हा मागच्या दाराने पळून जायचा. मामू त्याच्या नावाने हाका मारीत राहायचे आणि हा नारळीच्या बुंध्याआड बसून राहायचा. आता दोन मुलांचा बाप आहे. जुम्म्याला मशिदीच्या फाटकावर हातात वायरलेस घेऊन स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. त्याच्या घरात रायफल आहे ही गोष्ट मला पचायला जरा वेळ लागला. पण या लेखाचा विषय माझा धक्का नाही. विषय आहे एक प्रश्न, जो तिथून परत आल्यावरही माझ्या मागे लागला आहे: वस्तूला स्वतःचा गुनाह असतो का? की सगळा हिशेब माणसाच्या नियतीचाच?

हा प्रश्न नीट समजायचा तर आधी ती वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे. जिच्या यंत्राची माहितीच नाही, तिच्याविषयी नैतिक बोलणे फार सोपे असते.

या जातीच्या रायफलीला ‘बुलपप’ म्हणतात. साध्या रायफलीत चाप असतो, त्याच्या पुढे गोळ्यांचे मॅगझीन आणि यंत्र, आणि मागे नुसता खांद्याला टेकवायचा दस्ता. बुलपपमध्ये यंत्र आणि मॅगझीन चापाच्या मागे, त्या दस्त्यातच बसवलेले असते. त्यामुळे नळी तेवढीच लांब राहते आणि एकूण लांबी मात्र कमी होते. कल्पना जुनी आहे, १९०१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तसा एक नमुना तयार झाला होता. सैन्याने मोठ्या प्रमाणावर स्वीकारली ती ऑस्ट्रियाने १९७७ मध्ये, पुढे फ्रान्सने आणि ब्रिटनने. फ्रान्सने २०१७ पासून ती सोडून पुन्हा साध्या घडणीची रायफल घेतली, म्हणजे ही काही शेवटची सुधारणा आहे असे नाही. भाईजानकडे होती ती टॅवर एक्स-९५. नळी साडेसोळा इंच. एवढीच नळी असलेली साधी एआर-१५ बत्तीस इंचांच्या वर जाते. ही सव्वीस इंच आणि वर इंचाचा आठवा भाग.

इंचाचा आठवा भाग म्हणजे आमच्या नानांच्या भाषेत एक सूत. नाना होड्यांचे सुतार होते. "एक सूत इकडं कर, अर्धा सूत तिकडं घे," हे शब्द ऐकत आम्ही मोठे झालो. तर हे सव्वीस इंच एक सूत उगाच नाही. अमेरिकेत १९३४ चा एक कायदा आहे. रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी भरली, तर तिच्यासाठी सरकारदरबारी वेगळी नोंद करावी लागते. सैन्यासाठी बनणारी एक्स-९५ याहून आखूड असते. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी तिची मापे वाढवली, आणि लांबी नेमकी एका सुताने रेषेच्या वर ठेवली. भाईजानने हे मला कौतुकाने सांगितले. मला मात्र आमच्या शाळेतली ती मुले आठवली, ज्यांचे दर वर्षी बरोबर पस्तीस गुण पडतात. ती नापास नसतात. पण त्यांना किती येते हे त्या पस्तीसवरून मला कधीच कळलेले नाही. कायद्याला फूटपट्टी लागते हे मान्य. आपण मात्र कायद्याच्या फूटपट्टीलाच सदसद्विवेक समजू लागतो आणि आयुष्यभर एका सुताने वर राहून समाधान मानतो.

एका शनिवारी सकाळी तो मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. निघण्यापूर्वीच म्हणाला, "बाय, तू फक्त बघायचं. हात लावायचा नाही." मला वाटले मी बाई आहे म्हणून. तर नाही. पाहुणी म्हणून व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला तिथल्या कायद्याने बंदूक हातात घेता येत नाही. शिकारीचा परवाना वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. मी कानांवर मोठे बोळे आणि डोळ्यांवर जाड चष्मा चढवून मागच्या बाकावर बसले.

त्याने पेटी उघडली ती नळीचे तोंड मैदानाकडे करून. यंत्र उघडे ठेवून आत गोळी नाही हे स्वतः पाहिले, शेजारच्या माणसाला दाखवले. मैदानाच्या भिंतीवर नियम लिहिलेले होते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे तोंड करू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका, निशाणाच्या मागे काय आहे ते पाहा, असा त्यांचा मतलब. मी वाचत होते आणि मला पाचवीच्या वर्गात शिकवलेल्या हदीसी आठवत होत्या. प्रेषितांनी (स.) मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याला त्यांची टोके मुठीत धरायला सांगितले आहे, कोणा मुसलमानाला ओरखडा उठू नये म्हणून. उपसलेली तलवार हातोहात देण्याची मनाई केली आहे. आपल्या भावावर, सख्ख्या भावावरसुद्धा, गमतीने हत्यार रोखणाऱ्यावर फरिश्ते लानत करतात असे सांगितले आहे. चौदाशे वर्षांपूर्वीचे हे नियम आणि त्या भिंतीवरचे नियम एकच गोष्ट सांगत होते: हत्याराचे तोंड कुठे आहे याची जबाबदारी हातात धरणाऱ्याची. मी या हदीसी इतकी वर्षे शिकवल्या, पण शिष्टाचार म्हणून. रस्त्यात केळीची साल टाकू नये, त्या ओळीतल्या. त्यांच्यात एवढा दारूगोळ्याचा वास आहे हे मला त्या मैदानावर कळले.

मग त्याने नेम धरला. शंभर यार्डांवर कागद होता. आवाज कानांवर बोळे असूनही छातीत बसत होता. पहिल्या दहा गोळ्यांनंतर तो वळून म्हणाला, "बघितलंस? हलत नाही." आणि खरेच हलत नव्हती. वजन साडेतीन किलोहून थोडे जास्त, पण सगळे मागे, खांद्यापाशी. त्यामुळे पुढचा हात थकत नाही. ती धरलेली पाहून मला माझ्या धाकटीचे पहिले दिवस आठवले. नुकत्या जन्मलेल्या बाळाचे वजनही तेवढेच असते आणि तेही असेच खांद्याशी विसावते. मला हा विचार आवडला नाही, पण आला हे खरे.

दोषही त्याने सांगितले, मालक स्वतःच्या गाडीचे सांगतो तसे, अर्ध्या प्रेमाने. चाप पुढे आणि घोडा मागे, मध्ये लांब जोडदांडा, त्यामुळे चाप ओढताना बोटाला नेमकेपणा लागत नाही. आधी मऊ चाल, मग एक अडखळण, मग सुटते. मॅगझीन बदलायचे तर हात काखेखाली न्यावा लागतो आणि घाईत तो चाचपडतो. स्फोट होतो तो गालाच्या खालीच, वायूचा वास थेट नाकात येतो. भाभी डावखुरी आहे. तिने एकदाच डाव्या खांद्यावर धरून पाहिली, तर उजवीकडून उडालेली गरम पुंगळी तिच्या गालाला चाटून गेली. यंत्र उलट बाजूने बसवून घेता येते, पण ती पुन्हा त्या मैदानावर गेली नाही. "मला तर बरंच झालं," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली.

दुपारी घरी येताना भाईजान गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शंभर यार्डांवरच्या त्या ठिपक्यावर नजर लागली की डोक्यातलं सगळं थांबतं. पगार, कर्ज, अम्माचं दुखणं. श्वाससुद्धा मोजून घेतो. जवळजवळ नमाजेसारखं..." आणि तिथेच त्याने जीभ चावली. "अस्तगफिरुल्लाह," म्हणाला, आणि रेडिओ लावला.

मला तो वाक्य अर्धे सोडून गप्प बसला हे महत्त्वाचे वाटते. एकाग्रता ही आपण नेहमी चांगली गोष्ट समजतो. मुलांना दिवसातून दहा वेळा सांगतो, लक्ष दे. पण लक्ष कशावर, हे विचारायचे राहून जाते. धनुर्विद्येची तारीफ हदीसमध्ये आहे, शिकून सोडून देणाऱ्याला दोषही दिला आहे. भाईजान ही हदीस मला दोनदा ऐकवून चुकला होता. त्याच हदीससंग्रहात जिवंत प्राण्याला बांधून निशाण करण्याची सक्त मनाई आहे. म्हणजे नेम शिकण्याला परवानगी आहे, पण नेमाची मजा जिवाच्या किमतीवर नको. कागदावर नेम धरण्यात कोणाचा जीव जात नाही. मग माझ्या मनात जी टोचणी होती ती कशाची?

ती टोचणी माझ्या स्वतःच्या हाताची होती. आता हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिते. बाकावर बसल्या बसल्या माझ्या बोटांना ती धरून पाहावीशी वाटत होती. भीती होती, घृणाही होती, आणि त्याखाली हे होते. भाईजान पुंगळ्या गोळा करायला खाली वाकला तेव्हा ती माझ्यापासून दोन हातांवर होती. मी हात लावला नाही. पण का लावला नाही? कायदा होता म्हणून, व्हिसाची भीती होती म्हणून. माझे हात स्वच्छ राहिले ते अमेरिकन सरकारच्या कृपेने, माझ्या तक्व्याने नव्हे. आपल्यातले कितीतरी लोक ज्या गोष्टींपासून दूर आहेत, त्यांच्यापासून ते फक्त अंतराने दूर आहेत. संधी नसण्याला आपण सद्गुण म्हणतो, आणि ज्याला संधी मिळाली त्याला उपदेश करतो. या लेखात मी उपदेशाच्या जवळ गेले तर वाचकांनी हे बाक लक्षात ठेवावे.

आता त्याने ती घेतली कशाला, ते. १५ मार्च २०१९ च्या जुम्म्याला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका माणसाने गोळीबार केला. ५१ माणसे गेली. टेक्सासच्या मुसलमानांना अशी भीती नवी नव्हती. ह्यूस्टनपासून गाडीने दोन-अडीच तासांवर व्हिक्टोरिया गाव आहे, तिथली मशीद जानेवारी २०१७ मध्ये एका माणसाने जाळली होती. ख्राइस्टचर्चनंतरच्या आठवड्यात भाईजान दुकानात गेला. नाव तपासले गेले, कागद भरले, आणि दुकानदाराने ही दाखवली. घरात वापरायला आखूड बरी, म्हणाला, दारातून वळताना, जिन्यावर, बोळात अडकत नाही. भाईजानने घेतली.

न्यूझीलंडने काय केले? महिन्याच्या आत, एप्रिल २०१९ मध्ये, तिथल्या संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. ठराव ११९ विरुद्ध एका मताने मंजूर झाला आणि सरकारने लोकांकडून बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. एकाच घटनेनंतर एका देशातल्या लोकांनी बंदुका परत दिल्या आणि हजारो मैलांवर माझ्या भावाने घेतली. दोघांची भीती एकच होती. मी याला ढोंग म्हणणार नाही. ज्याच्या देशात बंदूक कोणालाही मिळते, त्याने एकट्याने निःशस्त्र राहावे असे सांगणे मला रत्नागिरी जिल्ह्यात बसून शोभत नाही.

आणि ख्राइस्टचर्चमध्येच एक प्रसंग असा घडला की तो दोन्ही बाजूंना धरतो. लिनवुडच्या मशिदीत अब्दुल अझीझ नावाचे मूळचे अफगाण गृहस्थ आपल्या मुलांसह नमाजेला आले होते. आवाज ऐकताच ते हाताशी लागले ते कार्डाचे पैसे घेण्याचे यंत्र घेऊन बाहेर धावले आणि मारेकऱ्यावर फेकले. पुढे त्यांना मारेकऱ्याने टाकून दिलेली एक बंदूक सापडली. त्यांनी चाप ओढला. ती रिकामी होती. मग त्यांनी तीच भाल्यासारखी त्याच्या गाडीच्या काचेवर फेकली, आणि तो पळाला. २०२२ मध्ये त्यांना न्यूझीलंडचे सर्वोच्च नागरी शौर्यपदक मिळाले. भाईजान म्हणतो, "बंदूक भरलेली असती तर?" भाभी म्हणते, "रिकाम्या बंदुकीनंच तर पळाला." मी दोघांचेही ऐकले. मला एवढेच दिसते की अब्दुल अझीझ यांनी चाप ओढला होता. आत गोळी नाही हे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या हाताने जे ठरवले ते ठरवले. त्यात मला काही वावगे दिसत नाही, आणि कोणा आलिमाला दिसेल असे वाटत नाही.

पण भाईजानच्या घरात वाद पेटला तो याने नव्हे. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातून रोज येणारी छायाचित्रे पाहून घरातल्या मुलांनी काही वस्तूंवर बहिष्कार घातला. फ्रिजमधला कोला गेला, एका दुकानाची कॉफी गेली. भाईजान स्वतः त्यात पुढे. एके रात्री जेवताना त्याची चौदा वर्षांची मुलगी सहज म्हणाली, "अब्बू, आपण कोला पीत नाही. मग ती पेटी?"

टॅवर ही इस्रायलची रायफल. त्या देशाच्या पायदळासाठी तयार झालेली, त्यांच्याच एका डोंगराचे नाव असलेली. भाईजानला हे २०१९ मध्येही माहीत होते. तेव्हा तो म्हणायचा, लोखंडाला धर्म नसतो. त्या रात्री त्याने ते वाक्य म्हटले नाही. खालेने सांगितले, तो ताटावरून उठला आणि पुन्हा दोन महिने मैदानावर गेला नाही. माझ्यासाठी गेला तो बऱ्याच दिवसांनी.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्यात हा घोळ फार होतो. व्हिक्टोरियाची मशीद जळली तेव्हा तिथल्या छोट्याशा यहुदी समाजाने आपल्या प्रार्थनागृहाची किल्ली मुसलमानांच्या हातात दिली होती: तुमची मशीद उभी राहीपर्यंत इथे नमाज पढा. ही गोष्ट भाईजाननेच मला सांगितली. मुलीचा प्रश्न यहुद्यांविषयी नव्हता. एका कारखान्याविषयी होता, आणि अब्बूने त्याला दिलेल्या पैशाविषयी. हा प्रश्न फक्त ह्यूस्टनचा आहे असेही समजू नये. आपल्या देशाच्या विशेष दलांनीही टॅवर घेतलेली आहे, आणि २०१७ मध्ये मध्य प्रदेशात मालनपूरला या शस्त्रांसाठी भागीदारीतला कारखाना सुरू झाला. त्यात माझ्या पगारातून कापलेल्या कराचाही एखादा रुपया असेल. मला माझ्या घरात अशी चौदा वर्षांची मुलगी अजून नाही, म्हणून मी शांत झोपते.

मग आता त्या रायफलीचे करायचे काय? ठेवावी, विकावी, की तोडावी? भाईजानने मला विचारले, जणू मी मुफ्ती आहे. मी बी.एड. झालेली शिक्षिका. तरी अब्बांच्या कपाटातली उर्दू पुस्तके लहानपणापासून चाळलेली, त्यामुळे एक मसला आठवला. आम्ही कोकणी शाफई; पण हा मसला हनफी फिकहच्या ‘हिदाया’तला आहे. दारू गाळणाऱ्याला द्राक्षाचा रस विकावा का? इमाम अबू हनीफा म्हणतात, चालेल. त्यांचे दोन शागीर्द नापसंत करतात. आणि फितन्याच्या काळात, म्हणजे आपसांत मारामारी पेटलेली असताना, बंडखोरांना हत्यार विकावे का? ते मात्र नापसंत. फरक का? रसात अजून गुनाह नाही, त्याचे रूप पालटेल तेव्हा त्याची दारू होईल. हत्याराला पालटावे लागत नाही. ते जसे आहे तसेच वापरले जाते.

केवढा बारीक विचार आहे हा! बाराव्या शतकातल्या फकिहाने माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर लिहून ठेवले होते. आपल्याकडे सगळे काही नियतीवर ढकलण्याची सवय आहे. ती हदीस आपण साबणासारखी वापरतो, काहीही धुवायला. पण काही वस्तूंमध्ये त्या बनवणाऱ्याची नियत आधीच भरलेली असते, आणि विकत घेणारा आपली नियत तिच्यावर ओततो, तिच्याऐवजी नाही. नानांचा रंधा माझ्याकडे आहे. त्याची मूठ त्यांच्या तळव्याने काळी पडलेली आणि झिजलेली. तो रंधा नानांच्या हाताला चाळीस वर्षांत शिकला. ही रायफल उलट, सगळ्यांचे हात आधीच शिकून आलेली. आणि तिची ती प्रसिद्ध आखूडपणाची सोय कोणासाठी आहे? मोकळ्या रानात लांब नळीची अडचण कोणाला होते? अडचण होते ती दारात, जिन्यात, बोळात, गाडीत. म्हणजे ती आखताना कागदावर कोणाचे तरी घर होते. भाईजानने ती स्वतःच्या घरासाठी घेतली, मुले झोपली आहेत त्या घराच्या राखणीसाठी. आखणाऱ्याच्या कागदावरचे घर ते नव्हते. हे मी त्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, "मग चाकू? कुर्बानीची सुरी?" त्यावर मी म्हटले, सुरी कांदाही कापते. पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही, कारण कुर्बानीची सुरी आम्ही वेगळी ठेवतो आणि ती कांदा कापत नाही. फरक असेल तर एवढा, की त्या सुरीला हात पोहोचावा लागतो, अल्लाहचे नाव घ्यावे लागते, आणि जनावराच्या डोळ्यांसमोर तिला धार लावायची नाही असा नियम आहे. हातावर रक्त येते. शंभर यार्डांवरून काही येत नाही. नारळीआड लपणारा माझा भाऊ सुरी धरू शकला नाही, आणि रायफल धरू शकला.

जूनमध्ये मी परत आले. बकरी ईदला माझ्या सहा वर्षांच्या मुलाने ईदीच्या पैशातून टिकल्यांची बंदूक आणली आणि पहिल्याच मिनिटाला बहिणीवर रोखली. दर वर्षी मी हसते. या वर्षी मी ओरडले, आणि इतक्या जोरात की सासूबाई बाहेर आल्या. पोराला काही कळले नाही. "खोटी आहे, अम्मी," तो रडत म्हणाला. मी त्याला हदीस सांगायला लागले, मग थांबले. मीच ती इतकी वर्षे खोटी समजून शिकवत होते.

त्या महिन्याच्या अखेरीस भाईजानचा फोन आला. रायफल विकायचे ठरवून त्याने गिऱ्हाईक पाहिले होते. टेक्सासमध्ये एका रहिवाशाने दुसऱ्याला बंदूक विकायला फारसे काही लागत नाही. तरुण मुलगा आला होता, नम्र, स्वच्छ कपड्यांतला, ओळखपत्र न मागता दाखवले. भाईजानने विचारले, कशाला हवी? तो हसून म्हणाला, सहजच, छान आहे ना. भाईजानही पाच वर्षांपूर्वी दुकानात साधारण तेच म्हणाला होता. त्याने पैसे घेतले नाहीत, माफी मागितली आणि पेटी उचलून घरी आला. बोहनी न झालेल्या दुकानदारासारखा त्याचा आवाज होता. तोडायची म्हटली तर दोन हजार डॉलरच्या आसपासची वस्तू, आणि मुलांच्या कॉलेजचा खर्च तोंडावर. शिवाय फाटकावर उभे राहायचे तर आहेच, मशिदीला अधूनमधून धमकीची पत्रे येतातच.

शेवटी त्याने त्यातला बोल्ट काढला. त्याच्याशिवाय ती नुसती नळी. तो एका जुन्या रुमालात गुंडाळून खालेच्या हातात दिला आणि म्हणाला, "अम्मा, हे तुझ्याकडे ठेव. मी मागितलं तर आधी विचार, कशाला हवंय." खालेने कुठे ठेवला ते तिने त्यालाही सांगितलेले नाही. मला सांगितले, कारण मी लांब आहे. गेल्या आठवड्यात मी फोनवर विचारले, आता त्या खोलीत नमाज पढतेस का? म्हणाली, "नाही गं. पण त्याने अजून मागितला नाही."